चौदा तास वीस मिनिटं

"नऊ तास झाले. अजून पाच तास वीस मिनिटं आहेत," टाइमकीपर म्हणाले. "नाद सोड."

"आत्ता कुठे समुद्र लागलाय," बायको म्हणाली. "मधेच कुठे उतरू?"

कपाट आणि सोफा यांच्या मधल्या फटीत तिची खुर्ची अडकवली होती. टाइमकीपरांनी सकाळी टेप लावून जागा मापली होती. विमानात मिळते तेवढीच, बोटभरही जास्त नाही. अटीही त्यांच्याच. पाय पसरायचे नाहीत. जेवण मांडीवर. उठायचं ते फक्त बाथरूमला. उड्डाण सकाळी सहाला झालं होतं.

हे सगळं मुलीच्या फोनमुळे. सहा वर्षांपूर्वी ती बापाशी भांडून निघाली, ती थेट अकरा हजार नऊशे किलोमीटरवर जाऊन थांबली. राग ओसरल्यावर दरवर्षी बोलवायची. परवा म्हणाली, "आई, या वर्षी या दोघं. नाहीतर यापुढे मी विचारणार नाही." टाइमकीपरांनी दोन विमानतळांमधलं अंतर काढलं, वेळ काढला आणि कागद बायकोपुढे सरकवला. चौदा तास वीस मिनिटं, एका जागी. त्यांची स्वतःची कंबर तर दरवर्षीच नाही म्हणून मोकळी व्हायची. या वेळी बायकोचे गुडघेही त्यांनी परस्पर नापास करून टाकले.

"बसून दाखवते," ती म्हणाली होती.

तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर उशिरा येणाऱ्यांना पकडण्यात घालवलेला माणूस. बायकोवर तरी कसा विश्वास ठेवणार? ते शेजारीच खुर्ची टाकून, घड्याळ हातात घेऊन बसले. ती उठली की कागदावर वेळ टिपायचे. आपला डोळा लागला तर ही पाय मोकळे करून येईल, म्हणून दुपारची झोपही त्यांनी सोडली.

चारच्या सुमाराला शेजारीण डोकावली. "काय हो, शिक्षा झालीय की काय?"

"विमानात आहे मी. दार लावून घ्या, वारं येतंय."

सातपर्यंत तिचे पाय सुजले. चपलेत मावेनात. टाइमकीपरांचा आवाज एकदम खाली आला. "बास झालं गं. जमत नाही म्हणून मी सांगतो तिला."

"तिला काय सांगायचं ते मी बघेन. तुम्ही घड्याळ बघा."

आठ वीस झाले. त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. चालू होतं.

"बसलीस खरी," ते म्हणाले. "पण एवढ्या लांब तुला एकटीला कसं पाठवू?"

कपाटाला धरून ती उभी राहिली.

"एकटीला कशाला? मी पाचदा उठले, ते तुम्ही लिहिलंय. तुम्ही दोनदाच उठलात, ते मी मोजलंय."