बपेऱ्याची मॅडम वरणी

"नोहे," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फुलावरून नाक बाजूला केलं. "ही बी नोहे."

नागपूरहून मोबाइलवर हा सोहळा पाहणाऱ्या अंजूने कपाळावर हात मारला. एकोडी गावच्या घराच्या अंगणात तिचे बाबा, केवळराम, मोबाइल धरून उभे होते. फ्रान्सची खोटी निघाली होती, जर्मनीची खोटी निघाली होती, आणि आता इंग्लंडचीही त्याच पंगतीत जाऊन बसली.

"आई, नीट पाहा ना. रंग तोच आहे का?"

"रंग तोच. पाकळ्या बी तशाच, कोबीवानी भरून. पण रंग घेऊन काय करू? वासच नाही इले. आमच्या मॅडम वरणीसाठी रस्त्यानं जाणारा माणूस थांबत होता."

मॅडम वरणी म्हणजे मादाम वेर्नी, एक जुना फ्रेंच गुलाब. सत्यभामाबाईंचे वडील बपेरा गावचे. तिकडच्या खाणीवरच्या साहेबाच्या बंगल्यात ते माळीकाम करायचे. साहेब गेला, बंगला पडला, पण गुलाबाची एक फांदी वडिलांच्या दारात रुजली आणि चांगली फोफावली. पुढे भावांनी नवं घर बांधताना ते झाड उपटून टाकलं. त्या दिवसापासून सत्यभामाबाई भावांशी बोलतात, पण तोंड वाकडं करूनच.

"मराच्या आधी एकदा बापाच्या दारचा तो वास यावा, बस," असं त्या एकदा जेवताना म्हणाल्या. त्यांना मरायची मुळीच घाई नव्हती. पण केवळरामांनी ते मनावर घेतलं आणि लेकीला कामाला लावलं.

परदेशातून झाड आणणं सोपं नाही. परवाने काढा, तपासण्या करा, वाट पाहा. अंजूने सगळं निस्तरलं. फ्रान्सची मॅडम वरणी आली ती पानं नाहीत, माती नाही, अशी नुसती काडी. केवळरामांचा जन्म धानात गेलेला. त्यांनी अंगणात छान चिखल केला आणि रोवणीला रोवावी तशी ती काडी त्यात रोवली. अंजू मोबाइलवरून इतकी ओरडली की शेजारची शकुनबाई धावत आली. काडी उपटून कोरड्या उंचवट्यावर लावली तेव्हा कुठे ती जगली.

जगली, फुलली आणि नापास झाली. मग जर्मनीची तशीच. मग इंग्लंडची.

अंजू प्रत्येक नर्सरीला खरमरीत मेल लिहायची. नावाप्रमाणे झाड मिळण्याची खात्री देता, मग हे काय पाठवलं? फ्रान्सवाल्यांनी नम्रपणे कळवलं की मूळ झाड त्यांच्याच बागेत आहे. जर्मनीवाल्यांनी सोबत फोटो जोडले. इंग्लंडचा म्हातारा मालक तर चक्क रुसला. अंजूने ऑनलाइन तिघांनाही एकेकच तारा देऊन टाकला.

"बाबा, जगात प्रामाणिकपणा उरला नाही," ती म्हणायची.

"तुझी आई म्हणते नोहे, तर नोहे," केवळराम म्हणायचे. "आपण दुसरीकडे पाहू."

सत्यभामाबाईंच्या लेखी बिघाड एकट्या विलायतेत नव्हता. गावातल्या गोपीचंदच्या वावरातला चिन्नोर तांदूळ शिजला तरी घमघमत नाही, सारी युरियाची करणी, असं त्या त्याला तोंडावर ऐकवायच्या. अगरबत्तीवाले लबाड झाले होते. मोहफुलंसुद्धा पूर्वीसारखी राहिली नव्हती. शकुनबाई मात्र रोज सकाळी त्या खोट्या झाडांची फुलं पूजेला मागून न्यायची. सत्यभामाबाई उदार मनाने द्यायच्या.

अंजूचं माहेरी येणं उन्हाळ्यात व्हायचं, तेव्हा झाडांवर एक फूल नसायचं. यंदा तिने ठरवून हिवाळ्यात रजा काढली. झाडं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, आणि गरज पडली तर इंग्लंडच्या म्हाताऱ्याला आणखी एक मेल ठोकायचा.

साकोलीच्या स्टँडवर केवळराम स्कूटर घेऊन हजर होते. गाडी तलावाच्या पाळीवरून गावात शिरली. घराच्या अलीकडच्या वळणावर अंजू मागच्या सीटवर एकदम ताठ बसली.

"बाबा, थांबा! कायचा वास येऊन राहिला हा? कोणाकडे लग्न आहे काय?"

केवळरामांनी स्कूटर थांबवली. वारा घराकडूनच येत होता. गोड, गार, थोडा लिंबासारखा वास सगळ्या गल्लीत भरला होता. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला घरासमोर क्षणभर थांबून पुढे गेला.

"आपल्याच घरचा," केवळराम म्हणाले. "नवरदेव होऊन बपेऱ्याले गेलो होतो, तेव्हा मांडवात हाच वास होता. तिन्ही झाडं खरी आहेत, बेटा. फ्रान्सची बी खरीच होती."

"मग मी त्या लोकांना काय काय लिहिलं, बाबा! आणि आई काहून—"

समोर कुंपणाच्या आत सत्यभामाबाई फुलांच्या ऐन गर्दीत उभ्या होत्या. लेक दिसताच त्या हसल्या आणि तिला दाखवण्यासाठी एक भरलेलं फूल नाकाशी घट्ट धरून त्यांनी नकारार्थी मान हलवली.

केवळरामांचे डोळे भरून आले होते, तरी ते हसत होते.

"नाक गेलं तिचं. हळूहळू गेलं, तिले समजलंच नाही. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणते, रोज हुंगत राहिली तर येईन बी परत. शकुनबाईले मी सांगून ठेवलं आहे, तू बी बोलू नको. झाड खोटं वाटते तोवर ती रोज हुंगते, खऱ्याची वाट पाहते." त्यांनी स्कूटर सुरू केली. "आता चौथी कोण्या देशातून मागवाची, तेवढं पाहून ठेव."