कडीला टांगलेलं घर

वरात दारात आणि दार उघडता येईना! लग्नासाठी आम्ही गावी गेलो, तेवढ्यात शिंजिराने दाराच्या कडीलाच घरटं टांगलं होतं. बोटभर पक्षीण आत अंडी उबवत बसली होती.

"काढून ठेवा ते झुडपात!" वन्सं करवादल्या.

घराला दार हे एकच. बाहेरून उघडत होती ती हॉलची बिनगजांची खिडकी. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी खिडकीतून ये म्हणायचं कसं, या विचाराने माझा जीव अर्धा झाला. शेवटी म्हटलं, मान खाली घालून.

"खिडकीतून चोर येतात वहिनी, लक्ष्मी नव्हे!"

सूनबाई मात्र हळूच घरट्यात डोकावून आली. "आई, ठाऊक आहे? हे सगळं मादी एकटी बांधते, कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून. नर तोवर समोर बसून नुसता गातो." मग नवऱ्याकडे वळली. "तुला गाता येतं?"

"नाही गं."

"मग स्टूल धर!"

बँडवाल्यांनीसुद्धा टाळ्या पिटल्या. मी आधी आत शिरून खिडकीत तांदळाचं माप ठेवलं. सुनेने ते पायाने असं उडवलं, की तांदूळ थेट माझ्या अंबाड्यात! आत उतरून तिने बाहेर हात केला. "आत्या, या ना!"

वन्संनी इकडेतिकडे बघितलं, पदर खोचला आणि चढल्या. निम्म्या आत, निम्म्या बाहेर अडकून त्या अशा खिदळायला लागल्या, की थांबेचनात.

ओवाळायचं ताम्हन माझ्या हातात होतंच. मी आधी त्यांनाच ओवाळलं.