सरकलेली विहीर

“माही विहीर माह्याच वावरात हाय साहेब. ती गायरानात गेली कधी?” मदीनाबीनं हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली अतिक्रमणाची नोटीस भूमापन कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर आपटली. “कॉम्प्युटर खोटं बोलत नसतो,” साहेब म्हणाले. शेजारी बसलेल्या ऑपरेटर रुक्सारच्या अंगाची लाही लाही झाली. जुन्या नकाशातले अक्षांश-रेखांश नव्या नकाशाच्या पद्धतीत बदलून न घेता टाकले, की गावच्या गाव शंभरेक मीटर सरकतं, हे तिनं साहेबांना तीनदा सांगितलं होतं. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या बदलाची एकच ओळ वाढवायची होती. “अहवाल वर गेलाय,” म्हणून त्यांनी तिलाच गप्प बसवलं होतं, आणि उद्या म्हातारीची विहीर बुजवायला जेसीबी निघणार होता. रुक्सारनं साहेबांच्या नव्या बंगल्याच्या जागेचे जुने आकडे तसेच टाकले आणि स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. बंगला सरकारी तलावात उभा होता. “साहेब, जेसीबी आधी कुठं पाठवू?”