जूनमधलं उत्तर

“खडीवरच बस,” अब्राहाम म्हणाला. “सावली कुटं न्हाई.”

शलमोन बसला. त्र्याहत्तरचा फेब्रुवारी होता. जामखेडच्या अलीकडे रस्त्याच्या दुष्काळी कामावर थोरल्या भावाला शोधण्यात त्याची सकाळ गेली होती. दीडशे माणसं दगड फोडत होती. तोंडाला फडकी बांधल्यामुळे सगळी सारखीच दिसत होती. त्यातली निम्मी त्याच्या गावची. त्यांच्यातल्या छबूबाईने उठून त्याला पाणी दिलं, तेही आपल्या वाटणीचं.

पुण्यात हवामानाचा अभ्यास करताना शलमोनची अकरा वर्षं बोटींच्या नोंदवह्यांत गेली होती. कुठल्या समुद्राचं पाणी किती तापलं, वारा कुठे वळला, आपल्याकडे पाऊस किती झाला. गावात हे कुणाला नीट उमगत नसे. आपला शलमोन पावसाचा साहेब आहे, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

“दादा, मला मे महिन्यातच दिसलं होतं,” तो म्हणाला. हेच सांगायला तो आला होता. “पार लांबच्या महासागराचं पाणी फार तापलं होतं. तसं झालं की आपला पाऊस दगा देतो, असं माझं मत होतं. पण पुरावा थोडा होता. चुकलो तर हसं होईल, म्हणून गप्प बसलो. जूनमध्ये तुझं कार्ड आलं, त्यालाही उत्तर टाकलं नाही.”

अब्राहाम तळहातावरचे फोड बघत राहिला. रागवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

“ते कार्ड माझ्या एकट्याचं नव्हतं,” तो शेवटी म्हणाला. “चावडीवर बसून समद्यांनी मिळून लिवलं हुतं. घरात राहिलेली बाजरी खायाला ठेवायची का पेरायची, येवढंच इचारायचं हुतं. मच्छिंद्र म्हनला, वंगाळ असंल तर शलमोन कळवल्याबिगर ऱ्हायचा न्हाई. आपला मानूस हाय.”

पलीकडे छबूबाईचा हातोडा थांबला.

“पंधरा दिवस वाट पायली,” अब्राहाम म्हणाला. “तुजं काय आलं न्हाई. मग आख्ख्या गावानं बिनघोर पेरलं.”