बिनफुलांचा कळप

"मुकुट बांध, कास्पर. उगाच तमाशा नको," कळपाचा मालक लेओनहार्ट म्हणाला.

कास्पर गुराखी जागचा हलला नाही. उन्हाळाभर डोंगरावर चरलेली गुरं आज खाली गावात न्यायची होती. गावातली वाल्बुर्गा सकाळीच मुकुट घेऊन वर चढून आली होती. आघाडीच्या जनावराच्या कपाळावर हा फुलांचा मुकुट बांधायचा, आणि उन्हाळ्यात कळपातलं एखादं दगावलं असेल तर बांधायचा नाही, गळ्यातल्या घंटाही उतरवायच्या. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"वासिले गेला की," कास्पर म्हणाला.

"वाईट झालं. मी कुठं नाही म्हणतोय? पण नियम गुरांचा आहे. जूनमध्ये एकशे चार चढवली, आज एकशे चार उतरतायत. मोज हवं तर."

मोजायची गरज नव्हती. पंधरवड्यापूर्वी कड्यावर अडकलेली कालवड वासिलेनंच खालून रेटा देऊन वर काढली होती. कालवड वर आली, तो खाली गेला. अकरा उन्हाळे रोमानियाहून येऊन त्यानं ही गुरं राखली होती. त्याची शवपेटी गाडीत घालून परत धाडली तेव्हा चर्चची घंटासुद्धा वाजवली नाही. तळ्याकाठची सगळी हॉटेलं भरलेली, पाहुण्यांच्या सुट्टीचा विचका कशाला करायचा, असं गावानं ठरवलं. आणि आजचा मुकुट त्याच कालवडीला होता, कारण कळपात देखणी तीच.

"खाली तीन हजार माणूस आलंय, पोरंबाळं घेऊन," लेओनहार्ट म्हणाला. "किल्ला बघून झाला, तळ्यात नाव फिरवून झाली, आता त्यांना फुलं घातलेली गुरं बघायचीत. त्यांना काय सांगू, एक गडी पडला म्हणून?"

"हो. तेवढंच सांगा."

"डोकं फिरलंय तुझं."

वाल्बुर्गा मध्ये पडली नाही. तिच्याही चार खोल्या पाहुण्यांनी भरल्या होत्या.

कास्पर कळपात शिरला आणि फ्लोराला घेऊन बाहेर आला. फ्लोरा त्याची स्वतःची गाय, त्याच्या मालकीची एवढी एकच. झोपडीपुरतं दूध ती द्यायची आणि तिची धार वासिले काढायचा. कास्परनं दारामागची बंदूक घेतली. पाय मोडलेल्या जनावरासाठी ती तिथं ठेवलेली असे. मग तो फ्लोराची मान खाजवत तिला झोपडीमागे घेऊन गेला. गाय निमूटपणे मागोमाग गेली.

बार एकच झाला. सगळी गुरं बिचकून कुंपणाकडे सरकली.

कास्परनं परत येऊन बंदूक दारामागे ठेवली.

"आता मोजा, मालक."

लेओनहार्टच्या तोंडून शिवी निघाली, तीही अर्धीच. वाल्बुर्गाला रडू कोसळलं. गाईसाठी की वासिलेसाठी, ते तिला सांगता आलं नसतं. स्वतःची लाज मात्र वाटत होती. तिनं मुकुट टोपलीत टाकला आणि गुरांच्या गळ्यातल्या घंटा सोडायला घेतल्या.

कळप मुकाट्यानं तळ्याकाठी उतरला. दोन्ही बाजूंना कॅमेरे घेऊन माणसं दाटली होती.

"अहो, मुकुट कुठाय?" वाल्बुर्गाकडे उतरलेल्या हिन्रिक्सबाईंनी तिला गाठलं. "काल मला दाखवलात की तुम्ही. नातवाला मुद्दाम घेऊन आले."

"कळपातलं एक गेलं," वाल्बुर्गा म्हणाली.

"अगं बाई. बिचारी गाय." बाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

मैदानात लाउडस्पीकरवर बोलणारा माणूस शहरातून नुकताच आलेला होता. गेलेल्या जनावराचं नाव पुकारायची इथली रीत, तेवढी त्याला कुणीतरी शिकवून ठेवली होती. त्यानं कास्परला हळूच विचारलं, "नाव काय होतं?"

"वासिले."

लेओनहार्ट पुढं सरसावला, पण तोवर आवाज मैदानभर गेला होता. "मंडळी, या उन्हाळ्यात डोंगरानं आपल्याकडून वासिलेला नेलं. सर्वांनी एक मिनिट उभं राहावं."

बँड थांबला. बाकांवरची माणसं बिअरचे मग खाली ठेवून उठली. गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग एकेकानं टोपी काढली.

"किती जीव लावतात हो ही माणसं," हिन्रिक्सबाई नातवाच्या कानाशी म्हणाल्या.

टोपी आता एकट्या लेओनहार्टच्याच डोक्यावर राहिली होती. पाहुणे वळून त्याच्याकडे बघायला लागले. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं त्याला बोटानं खूण केली, आणि त्यानं ती काढली.