अब्बांच्या नावाचं मीटर

“बडेअब्बा आले!” सुमैया दारातूनच ओरडली आणि तिच्या सासऱ्यांच्या, सत्तारमामांच्या, बशीतला चहा लुंगीवर सांडला.

दौंडहून मामांचे थोरले भाऊ गफूरभाई आले होते. तेही न सांगता, तेही गुरुवारी. शिरूरच्या त्या गल्लीत दर गुरुवारसारखी दुरुस्तीसाठी सकाळपासून लाईट बंद होती. वर पत्र्याच्या खोलीत सुमैयाचा नवरा शाहरुख रांजणगावच्या कारखान्यातली रातपाळी करून आला होता आणि ओला टॉवेल छातीवर टाकून नुसता कूस बदलत होता. पंखा बंद, पत्रा तापलेला, झोप कसली येतेय! मागच्या गुरुवारी असाच जागा राहून तो कामाला निघाला आणि कारेगावजवळ गाडीवरच त्याला डुलकी लागली. ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून फक्त कोपर सोलपटलं. सुमैयानं जखमेवर हळद लावली आणि तिथंच ठरवलं, या घरावर सोलर बसणार आणि बॅटरीसकट बसणार.

तिनं चौकशी नीट केली होती. नुसती पॅनेलं बसवली तर लाईन गेली की तीही गप्प होतात. गुरुवारी पंखा फिरवायचा तर बॅटरी पाहिजेच. बॅटरीवर सवलत नव्हती, पण पॅनेलांवर सरकार देतं त्या सवलतीनं बॅटरीचं बरंचसं भागत होतं. घोडं अडलं होतं भलतीकडंच. सवलत हवी तर मीटर जित्या माणसाच्या नावावर पाहिजे, आणि या घराचं मीटर अजून अब्बांच्या, म्हणजे मामांच्या वडिलांच्या नावावर होतं. अब्बांना जाऊन जमाना झाला. बिल मात्र त्यांच्याच नावानं यायचं आणि मामा ते डोळ्यांना लावून भरायचे.

“नाव बदलायला थोरल्याची सही लागंल,” मामा म्हणायचे. “आन् सही मागितली की दौंडात बोंब व्हईल, सत्तारनं घर खाल्लं. त्यापरीस अंधार परवडला.”

खरं तर भावाभावांत भांडण काहीच नव्हतं. अब्बा दौंडला रेल्वेत होते. त्यांच्या मागं थोरला दौंडच्या घरात राहिला, धाकटा शिरूरच्या. कागद कुणी केला नाही आणि विषयही कुणी काढला नाही. ईदला फोन व्हायचा. गफूरभाई तब्येत विचारायचे, पाऊसपाणी विचारायचे आणि शेवटी हमखास म्हणायचे, “तुमच्याकडं लाईट कशी हाय रं?” मामांचा चेहराच उतरायचा. फोन ठेवला की बायकोला सांगायचे, “बघितलंस मुमताज? मीटरवर डोळा हाय त्यांचा.”

आणि परवा सुमैयानं मामांच्या चोरून त्याच गफूरभाईंना फोन लावला होता. सगळं सांगितलं. पलीकडून “बरं” एवढंच आलं आणि फोन बंद.

मुमताजनं दिराला सरबत दिलं. त्यांनी हात लावला नाही. आधी बाहेर जाऊन, चष्मा पुसून, मीटर बघून आले. मामा घामानं निथळत होते आणि तो घाम काही नुसत्या उकाड्याचा नव्हता.

“फोन कुणी केला व्हता?” गफूरभाईंनी विचारलं.

“सुनेनं, भाई. चुकलं तिचं,” मामा घाईघाईनं म्हणाले. “ऱ्हाऊ द्या. अब्बांचं नाव हाय तसंच ऱ्हाईल.”

सुमैयाच्या मस्तकात सणकच गेली. थोरल्यांसमोर ती कधी तोंड वर करून बोलली नव्हती. आज बोलली.

“माझं काय बी चुकलं न्हाई, बडेअब्बा. मीटरवरलं नाव जपायचं का वरच्या खोलीतला मानूस जपायचा, ते तुमीच सांगा.”

वर शाहरुखची खाट करकरली. गफूरभाईंनी पत्र्याकडं बघितलं, मग हात पुढं केला.

“आण पोरी. कुठं करायची सही?”

आणि केली! मामांना हसावं का रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. मुमताजनं जाऊन सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. सुमैया जिना चढत ओरडत सुटली, “उठा की! झाली सही! आता बघते मी त्या गुरुवाराकडं!” वरून शाहरुखचा रडवेला आवाज आला, “अगं, आत्ता कुठं डोळा लागला व्हता!” बैठकीत सगळे हसले. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे हसले.

“मी उगाच भ्यालो, भाई,” मामा डोळे पुसत म्हणाले आणि पेनाला टोपण लावायला लागले.

गफूरभाईंनी त्यांचा हात धरला. “टोपण लावू नगंस, सत्तार,” ते ओशाळून म्हणाले, “दौंडचं मीटर बी अब्बांच्याच नावावर हाय. सही मागितली तर तू म्हणशील थोरल्यानं घर खाल्लं, म्हनून इतकी वरसं मी बी अंधारातच बसलोय.”