स्लीव्हची जागा

"माणूस मोडलाय साहेब, आन् कागदावर चूक त्याचीच लिवलीत!"

धनश्रीनं मोडक्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर हात आपटला. चौकशीचे साहेब लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर अपघाताचा अहवाल. ड्रायव्हर धोंडीबा यानं रेडिएटरमधलं पाणी तपासलं नाही. इंजिन तापून पुलाच्या चढावर जाम झालं. उसाच्या दोन ट्रॉल्यांनी ट्रॅक्टर मागं ओढला आणि उलटवला. दोष ड्रायव्हरचा. माणसाला गुन्हेगार करायला कागदाला चार ओळी पुरतात.

धोंडीबा परभणीच्या दवाखान्यात होता. डावा पाय गुडघ्यापासून काढला होता. शुद्धीवर आल्यावर त्यानं बायकोला एकच विचारलं, "मी पाणी बघितलं व्हतं ना गं?" जशी काही तीच ट्रॅक्टरवर बसली होती. ती बायको, भिवराबाई, आता ट्रॅक्टरच्या चाकाशी बसून होती. उद्या अहवाल पुढं गेला की तिच्या नवऱ्यावर गुन्हा दाखल होणार होता. पाय गेला तो गेला, वर पोलीस.

"रेडिएटर कोरडा ठाक व्हता, सगळ्यांनी बघितलाय," ट्रॅक्टरचे मालक दत्तराव म्हणाले. "आन् पोरी, तुला इंजिनातलं काय कळायलंय? ते काय लाटणं हाय का फिरवायला?"

"लाटणं बी फिरवते, दत्तराव. तुमच्या ह्या इंजिनाचं बोरिंग बी मीच केलंय. दिवाळीच्या आधी."

खरंच होतं ते. ताडकळसला तिच्या वडिलांचं, वीरुपाक्ष अप्पांचं, बोरिंगचं वर्कशॉप. पोरगी मशीनवर उभी केली म्हणून गावानं अप्पांना काय कमी नावं ठेवली? अप्पांनी कुणाला भीक घातली नाही. "लोखंडाला बाई-बाप्या कळत न्हाई. त्याला हात कळतो," ते म्हणायचे. त्या एका वाक्यावर धनश्री मोठी झाली.

बोरिंगचं काम तसं सरळ. सिलिंडर झिजला की आतून कोरून मोठा करायचा. मग नव्या लोखंडाची नळी, म्हणजे स्लीव्ह, त्यात दाबून बसवायची. कोरल्यावर सिलिंडरची भिंत पातळ होते. तिची गेलेली ताकद स्लीव्ह भरून देते. दत्तरावांच्या इंजिनाचे तिन्ही सिलिंडर धनश्रीनं चार मिलिमीटरनं कोरले होते. स्लीव्ह दाबायची वेळ आली तेव्हा अप्पा म्हणाले, "जा बाळा, जेवून घे. सकाळपून उभी हायस. मी बसवतो."

"इंजिनाचं हेड काढा, वरचं झाकण," धनश्री म्हणाली. "नव्या स्लीव्हचं इंजिन असं जाम होत न्हाई. पाणी कुठं गेलं ते आत दिसंल. आमचे अप्पा साक्षीला हायत."

साहेबांनी तिच्याकडं बघितलंच नाही. तिच्या मागं बघितलं. तिथं अप्पा उभे होते. त्यांना तिनंच हाताला धरून आणलं होतं.

"ऊन लय झालंय, धना," अप्पा म्हणाले. "राहू दे आज."

"उद्या कागद जायलाय, अप्पा!"

चाकाशी बसलेली भिवराबाई पहिल्यांदाच बोलली. "उघड गं बाई. मला बी बघू दे."

धनश्रीनं पाना घेतला. नट तिनंच सोडवले. हेड उचलून बाजूला ठेवलं, फडक्यानं काजळी पुसली आणि पहिल्या सिलिंडरच्या कडेवरून बोट फिरवलं. स्लीव्ह बसवलेली असली की जुनं लोखंड आणि नवं लोखंड यांच्यामध्ये केसाएवढी गोल रेघ दिसते. रेघ नव्हती. तिनं दुसऱ्यात बघितलं. तिसऱ्यात बघितलं. पुन्हा पहिल्यात बघितलं, फडकं थुंकीनं ओलं करून.

एकातही स्लीव्ह नव्हती. तिनं कोरलेल्या जागेत थेट मोठ्या ट्रॅक्टरचे जाडजूड पिस्टन घातले होते. मधल्या सिलिंडरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. भिंतीबाहेर फिरणारं रेडिएटरचं सगळं पाणी त्या चिरेतून आत गेलं होतं. धोंडीबानं रेडिएटर गळ्यापर्यंत भरला असता तरी ते गेलंच असतं.

आणि ती भिंत पातळ केली होती धनश्रीनंच. आत स्लीव्ह येणार, या भरवशावर.

"दोन ट्रॉल्या वढायच्या व्हत्या दत्तरावांना," अप्पा पुटपुटले. "इंजिनाचे घोडे वाढवून पायजेत म्हणले. स्लीव्हनं घोडे वाढत न्हाईत, मोठ्या पिस्टननं वाढत्यात..."

"हे बरंय!" दत्तराव उसळले. "मी ताकद मागितली. ती कशी द्यायची ते कारागिरानं बघायचं का मी?"

धनश्री साहेबांकडं वळली. तिच्याजवळ आता ओरडायला काही उरलं नव्हतं. "मग ड्रायव्हरचा दोष कुठून काढलात?"

"बाई, मला इंजिनातलं कळत नाही," साहेब म्हणाले. "जाणकाराला विचारलं. त्यानं सांगितलं ते लिहिलं."

त्यांनी अहवालाचं शेवटचं पान उलटून तिच्यापुढं धरलं. 'इंजिनाचे काम पक्के होते. चालकाने पाणी पाहिले नाही.' खाली जाणकाराची सही. शाळेत असताना तिच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी व्हायची तीच, वळणदार. वीरुपाक्ष.

भिवराबाईला वाचता येत नव्हतं. ती नुसती धनश्रीच्या तोंडाकडं बघत होती.

धनश्रीनं कागद साहेबांच्या मांडीवर टाकला आणि मागं फिरली. अप्पा जमिनीकडं बघत होते.

"खाली काय बघायलाव, अप्पा? भिवरामामीकडं बघा. तिच्याकडं बघून सांगा, धोंडीबामामाचं काय चुकलं?"